एक फोन, तीस पोरं

जिल्हा परिषदेच्या शाळेत टीव्ही आला की पहिली गफलत उंचीत होते. लोकवर्गणी काढून ४३ इंची टीव्ही घेतलेला असतो, सरपंचांच्या हस्ते उद्घाटन असतं, फोटोत सगळं नीट यायला हवं असतं, म्हणून तो फळ्याच्याही वर ठोकला जातो. खाली बसकरपट्टीवर बसलेली पहिलीतली पोरं माना वर करून बघतात. दहा मिनिटांत माना अवघडतात, शेजाऱ्याला कोपर मारणं सुरू होतं, आणि ‘मुलांना डिजिटलची गोडी नाही’ असा शेरा तयार होतो.

अंतराची अडचण त्याहून मोठी. ४३ इंची पडद्याची उभी उंची साधारण ५३ सेंटिमीटर. पडद्यावरचा मजकूर वाचायचा असेल तर शेवटचं मूल या उंचीच्या सहापटीच्या आत हवं, असा दृक्‌श्राव्यवाल्यांचा जुना आडाखा आहे. म्हणजे जेमतेम ३.२ मीटर, साडेदहा फूट. वर्गखोली असते वीस फुटांची. मागच्या अर्ध्या वर्गाला चित्र दिसतं, अक्षर दिसत नाही. ज्याला वाचता येतं तो अंदाजाने भागवतो. ज्याला प्रत्येक काना-मात्रा शोधत जावं लागतं त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही, आणि बहुतेक वेळा नेमका तोच मागे बसलेला असतो.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे चौथीपर्यंतच्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन इयत्ता, पंचवीस-तीस पोरं. त्यांत एकाच्या घरी मराठी बोलतच नाहीत. एकीच्या कानाला मशीन आहे. एक तिसरीत येऊनही ‘कि’ आणि ‘की’मध्ये अडकतो. दोघं ऊसतोडीला जाऊन एप्रिलमध्ये परत आलेत. एकीला फळ्यावरचं दिसत नाही, पण ती तसं सांगत नाही. आणि एक असा आहे की त्याचं सगळं आधीच झालेलं असतं, मग तो इतरांच्या पाट्या पुसत फिरतो. या सगळ्यांसाठी साधन काय, तर गुरुजींच्या खिशातला स्वतःचा फोन. त्याची निम्मी मेमरी अहवालाच्या फोटोंनी भरलेली.

या फोनमधलं सर्वांत कामाचं यंत्र कोणतं असं विचारलं, तर उत्तर आहे आवाज रेकॉर्ड करणारं साधं अ‍ॅप. व्हिडिओ नंतर, खेळांची अ‍ॅपं त्याच्याही नंतर. आवाजाला पडदा लागत नाही, नेट लागत नाही, बॅटरी कमी लागते. आणि एकच ओळ बारा वेळा ऐकवताना तो वैतागत नाही, ही त्याची मोठी गोष्ट. माणूस चौथ्या वेळेला वैतागतोच.

पहिला उपयोग मूल कुठे अडतं ते कळण्यासाठी. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ वाचन चाचणीच्या पायऱ्या बहुतेक शिक्षकांना पाठ आहेत: प्रारंभिक, अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. पायरी कळली तरी ‘शब्द’ पातळीवरची पाच मुलं पाच वेगळ्या कारणांनी तिथे असतात. म्हणून प्रत्येकाचं एक मिनिटाचं वाचन रेकॉर्ड करावं. परिच्छेद न पाहिलेला हवा. पुस्तकातला धडा दिला तर अर्धा वर्ग तो तोंडपाठ म्हणतो, बोट एका शब्दावर आणि तोंड पुढच्या ओळीवर. वाचताना मधे दुरुस्त करायचं नाही, ‘हं’सुद्धा म्हणायचं नाही, कारण आपल्या हुंकारावरून मूल बरोबर-चूक ताडतं आणि रेकॉर्डिंग फुकट जातं. फाईलला हजेरी क्रमांक आणि महिना एवढंच नाव: ‘०७-जुलै’. तीस मुलांना रोज पाच-सहा करत आठवडा लागतो. ऐकायला मात्र निवांत वेळ काढावा लागतो. वर्गात कान शेवटच्या बाकापर्यंत पसरलेला असतो, तेव्हा एकाची चूक ऐकू येते, चुकीतली पद्धत ऐकू येत नाही.

घरी बसून ऐकलं की ती पद्धत दिसायला लागते. एक मूल घ-ध, भ-म, प-ष गोंधळतं, म्हणजे अडचण डोळ्यांनी आकार ओळखण्यात. दुसरं अक्षर बरोबर ओळखतं पण ‘दप्तर’चं ‘दपतर’ करतं, म्हणजे गाडी जोडाक्षरावर अडली. तिसरं सगळं बरोबर वाचतं, पण शब्दागणिक थांबतं आणि शेवटी पहिलं काय वाचलं ते विसरलेलं असतं. त्याला आणखी अक्षरओळख देऊन काय होणार? त्याला तोच परिच्छेद चार दिवस ओघात वाचायला हवा. ही तीन मुलं एकाच अ‍ॅपपुढे बसवली तर एकाचंच भलं होईल, तेही योगायोगाने.

पहिल्या वेलांटीची गंमत सांगण्यासारखी आहे. ‘कि’मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी भेटते आणि तोंडाला नंतर. डावीकडून उजवीकडे इमानदारीने वाचणारं मूल इथेच फसतं. ते वेलांटीपाशी थांबतं, पुढचं अक्षर बघतं, आणि कधी कधी ती मागच्याच अक्षराला लावून टाकतं. ‘रविवार’चं ‘रिववार’ असं होतं. फळ्यावर कितीही समजावलं तरी लिहिताना आपण वेलांटी आधीच काढतो, त्यामुळे घोळ वाढतो. फोनच्या देवनागरी कळफलकावर मात्र क्रम उच्चाराचा असतो: आधी ‘क’ दाबायचा, मग वेलांटी, आणि वेलांटी आपण होऊन उडी मारून डावीकडे जाते. मुलाच्या हाताने दहा वेळा ही उडी करवून घ्यायची, प्रत्येक वेळी तोंडाने ‘क’, मग ‘कि’ म्हणायला लावायचं. मग ‘वि’, ‘दि’, ‘शि’. पाच मिनिटांचं काम, रोज, आठवडाभर. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा कळफलक इथे निरुपयोगी, कारण त्यात ही उडी दिसतच नाही. आणि शब्द सुचवणारी पट्टी सेटिंगमधून बंद करायची, नाहीतर तिसऱ्या मिनिटाला पोरगं टंकायचं सोडून तयार शब्दावर बोट ठेवायला शिकतं.

अक्षरांच्या वळणाचाही असाच त्रास आहे. मराठी पुस्तकातला ‘ल’ आणि ‘श’ ज्या वळणाचे, त्या वळणाचे ते फोनवर दिसतीलच असं नाही. बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात. आपल्याला फरक जाणवतसुद्धा नाही. पहिलीतल्या मुलाला मात्र ते नवीन अक्षर वाटतं. शासनाने २००९मध्ये प्रमाण देवनागरीचा निर्णय काढून मराठी वळण ठरवून दिलं, पण परदेशात बनलेल्या अ‍ॅपला त्याची वार्ता नसते. नवशिक्या वाचकासाठी सर्वांत खात्रीचा फॉन्ट म्हणजे शिक्षकाचं स्वतःचं वळणदार अक्षर. जाड स्केचपेनने कागदावर लिहावं, उजेडात फोटो काढावा, तोच पडद्यावर दाखवावा.

आता रेकॉर्डिंग कसं करायचं. फोन तोंडासमोर धरला की प, फ, भ वर फुर्र असा वारा आपटतो. तो तोंडाच्या बाजूला, एक वीत अंतरावर धरावा. रिकामी वर्गखोली घुमते. गोधडी अंथरलेली घरची खोली उत्तम, नाहीतर कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोलावं. पंखा बंद. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात रेकॉर्डिंगचा विचारही करू नये. फोन विमान मोडवर टाकावा, कारण गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचा फोन नेमका ‘कोल्हा आणि द्राक्षं’च्या शेवटच्या ओळीला येतो. प्रत्येक फाईल तीन मिनिटांच्या आत. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये मोनो, ६४ केबीपीएस अशी साधी गुणवत्ता ठेवली तर तीन मिनिटांची फाईल दीड एमबीच्याही आत बसते, अगदी स्वस्तातल्या मेमरी कार्डवर शेकडो मावतात.

वेग हा कळीचा मुद्दा. आपण गोष्ट सांगतो त्या वेगात मुलाचं बोट ओळीवरून सरकू शकत नाही. एकच परिच्छेद दोनदा रेकॉर्ड करावा: एकदा बोट ठेवून वाचता येईल इतका संथ, प्रत्येक वाक्यानंतर मुलाला तेच वाक्य म्हणता येईल एवढी जागा सोडून, आणि दुसऱ्यांदा नेहमीच्या बोलण्याच्या लयीत. फोनमध्ये वेग कमी करायची सोय असते, पण तसं केलं की आवाज चिवट होतो आणि ‘ळ’, ‘ण’ गिळले जातात. जागा सोडताना अगदी गप्प राहावं. तिथे ‘म्हणा मुलांनो’ आलं की मुलं ‘म्हणा मुलांनो’ही म्हणतात.

यंत्राच्या आवाजाला ही सगळी मेहनत का सोपवू नये, असा प्रश्न येतोच. मराठी मजकूर वाचून दाखवणारा आवाज अँड्रॉइड फोनमध्ये फुकट मिळतो आणि चौथीच्या मुलाला लांबलचक परिसर अभ्यासाचा धडा ऐकायला तो पुरतो. पण मराठीत एकाच ‘च’चे दोन उच्चार आहेत. ‘चार’मधला वेगळा, गुरांच्या ‘चाऱ्या’तला वेगळा. ‘ज’ आणि ‘झ’चंही तेच. मोठा माणूस संदर्भावरून ओळखतो, यंत्र कुठे ओळखतं, कुठे नाही. जे मूल अजून आवाज आणि अक्षर यांची गाठ बांधतंय, त्याच्या कानावर चुकीचा ‘च’ घालण्यात अर्थ नाही. माझं सरळ मत असं की तिसरीच्या मध्यापर्यंत माणसाचा आवाज, त्यानंतर हवा तर यंत्राचा.

यंत्राकडून वाचून घ्यायचं तर फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्राला मराठी अक्षर म्हणून ओळखता येईल अशा संकेतात हवी, इथेही बरेच जण ठेचकाळतात. शाळांच्या पेन ड्राइव्हवर फिरणाऱ्या कितीतरी पीडीएफ छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टांत केलेल्या आहेत. डोळ्यांना सुंदर मराठी, पण आतून निव्वळ रोमन चिन्हांची खिचडी, त्यामुळे फोन ते वाचताना अगम्य बरळतो. परीक्षा सोपी आहे: एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये डकवायची. मराठी उमटली तर ठीक. नाहीतर पानाचा फोटो काढून गूगल लेन्सने मजकूर उचलावा आणि एकदा डोळ्यांखालून घालावा, कारण अनुस्वार आणि रफार हमखास गळतात.

बालभारतीच्या पुस्तकांवर आता क्यूआर कोड असतात. कोडचं नाव निघालं की सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवताना २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवणारे रणजितसिंह डिसले आठवतात. कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ अ‍ॅपवर त्या पाठाचं साहित्य उघडतं, आणि ते आधी डाउनलोड करून ठेवलं तर वर्गात नेट नसलं तरी चालतं. हे आधी करणं म्हणजे रविवारचं काम, वर्ग भरल्यावर गोल फिरणाऱ्या चकलीकडे बघत बसायचं काम नव्हे. पण कोडमागचा व्हिडिओ सगळ्यांसाठी एकच असतो आणि बहुतेक वेळा प्रमाण मराठीत, भराभर बोलणारा. ज्याला थोडा आधार हवा त्याला तो पुरतो. ज्याला भाषाच परकी, त्याला नाही.

मेळघाटातल्या कोरकू घरातलं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याची भाषा मराठीची बोलीसुद्धा नसते. कोरकू मुंडा कुळातली, संताळीची नातलग. गडचिरोलीतली गोंडी द्राविडी कुळातली, तेलुगू-कन्नडच्या बाजूची. नंदुरबारची पावरी त्यामानाने जवळची, तरी ‘समजतंय की नाही’ हे मूल वर्षभर सांगत नाही. इथे फोन काय करू शकतो? गावातल्या मोठ्या मुलीकडून, अंगणवाडीताईंकडून, आजीकडून साठ-सत्तर शब्द आणि वाक्यं रेकॉर्ड करून घ्यायची. आधी पहिल्या आठवड्यात लागणारी: पाणी, बस, थांब, मला समजलं नाही, लघवीला जाऊ का, कोणी मारलं. मग पुस्तकातल्या पहिल्या चार पाठांतले शब्द. क्रम असा: घरची भाषा, दोन सेकंद शांतता, मराठी, पुन्हा घरची भाषा. मराठी आधी ठेवली की ती परीक्षा वाटते. ऐकून शिक्षकानेही ते शब्द म्हणायचे. गुरुजी चुकतात तेव्हा पोरं खदाखदा हसतात आणि दुसऱ्या दिवशी बोलायला लागतात.

दुसऱ्या तालुक्यातलं रेकॉर्डिंग उसनं आणू नये. दहा कोसांवर शब्द बदलतो, आणि आपल्या घरचा शब्द वेगळा निघाला की मूल आपलाच शब्द चुकीचा समजतं. आवाज देणाऱ्या बाईंना तो कुठे वाजणार हे आधी सांगावं आणि इंटरनेटवर चढवू नये. चित्रगोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५पासून आहे. तिथली पुस्तकं मोफत उतरवता येतात, परवाना खुला असल्याने मजकूर आपल्या बोलीत बदलून छापताही येतो. पहिल्या पातळीची गोष्ट, पानावर एक-दोन वाक्यं, बोलीतला आवाज आपला. एवढं साहित्य एका मोकळ्या दुपारी उभं राहतं.

ऊसतोडीच्या मुलांचं गणित निराळं. दिवाळीच्या आगेमागे टोळी हलते, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, परत येत नाही. हंगामी वसतिगृहात राहिलं ते मूल बचावलं. जे गेलं त्याच्या हातात तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड असतं, पण कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, फोन एकच, बापाचा, आणि तो पहाटे फडात जातो. रात्री तो अर्धा तास मुलाच्या हाती येतो, तेव्हा चार्जिंग संपत आलेलं असतं. म्हणून चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवणाऱ्याला कोपी ठाऊक नाही असं खुशाल समजावं. रिचार्ज संपला की व्हॉट्सअ‍ॅपही गेलं. निघायच्या आधी बापाच्या फोनमध्ये वीस-पंचवीस ऑडिओ थेट घालून द्यावेत, नावं आकड्यांनी सुरू होणारी, ०१, ०२, ०३, म्हणजे क्रम मोडत नाही. सोबत त्याच गोष्टींच्या छापील पानांची एक वही. आवाज कानाला, बोट पानावर. साध्या कीपॅडच्या फोनलाही मेमरी कार्ड चालतं, हे अनेकदा ध्यानात येत नाही.

कानाला मशीन असलेल्या मुलीबाबत अ‍ॅप शोधण्याआधी त्या मशीनकडे बघावं. वर्गातली सर्वांत महागडी तंत्रज्ञानाची वस्तू तीच असते आणि बऱ्याचदा ती बंद असते. कानामागच्या मशीनला १३ किंवा ६७५ क्रमांकाचा सेल लागतो. १३चा स्टिकर केशरी, ६७५चा निळा. हे जस्त-हवा सेल, स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल जिवंत होतो. काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवावा. एकदा उघडला की वापरा न वापरा, तो हळूहळू उतरतोच, साधारण एक-दोन आठवड्यांचा धनी. तालुक्याला एकदम पाकीट आणणं बरं, पण सगळे स्टिकर हौसेने काढून ठेवले तर पाकीट वाया. रात्री सेलचं दार उघडं ठेवावं आणि पावसाळ्यात मशीन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर.

सकाळी प्रार्थनेआधी दोन मिनिटांची तपासणी पुरते. मशीन चालू करून ओंजळीत मिटलं की शिट्टी वाजली पाहिजे, नाही वाजली तर बहुधा सेल संपला. कानात घातल्यावरही शिट्टी वाजत असेल तर कानातला साचा सैल झालाय. मूल वाढतं, कान वाढतो, साचा तेवढाच राहतो. घरचे शिट्टीला कंटाळून आवाज बारीक करतात, मग मशीन कानात असूनही मुलीला काही ऐकू येत नाही आणि ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो. साचा बदलून घेणं हे गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवायचं काम. त्यानंतर सहा आवाज: आ, ऊ, ई, म्, स्, श्. हाताच्या अंतरावरून, मुलीच्या मागे उभं राहून, नेहमीच्या आवाजात. ऐकू आला की तिने एक चिंचोका पुढे सरकवायचा. जाडापासून बारीकपर्यंत बोलण्यातले सगळे सूर या सहांत येतात. काल ‘स्’ला चिंचोका सरकला आणि आज नाही, तर सेल, साचा किंवा सर्दी, तिघांपैकी एक.

अशा मुलीला टीव्ही मात्र खरोखर कामाचा, अट एवढीच की ती पहिल्या रांगेत असावी आणि गुरुजींनी खिडकीकडे पाठ करून बोलू नये, कारण उजेड मागून आला की तोंड काळोखात जातं. ब्लूटूथ स्पीकर मोठा केल्याने तिला बरं ऐकू येतं हा गैरसमज आहे. मशीन स्पीकरही मोठा करतं आणि बाकांची खरखरही. स्पीकरपासून मीटर-दीड मीटरवर बसणं हा खरा उपाय. बोललेलं लेखी उमटवणारं अ‍ॅप वाचता येणाऱ्या चौथीच्या मुलीला चालेल, पहिलीतलीला ती ओळीमागून ओळ पळणारी किडामुंगी. जिला खुणांचीच भाषा आहे तिच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश आहे, २०२१च्या आवृत्तीत दहा हजार शब्द झाले. रोज तीन खुणा, सगळ्या वर्गाला. एकटीलाच शिकवल्या तर ती बोलणार कोणाशी?

कमी दिसणाऱ्या मुलीसाठी फोन हेच भिंग. फळ्याचा फोटो काढून तिच्या हातात द्यावा, ती हवा तेवढा मोठा करते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं बहुतेकांना सोपी जातात, सेटिंगमध्ये रंग उलटे करायची सोय असते. छापायचं तर २४ पॉइंट, ओळींत ऐसपैस अंतर, चकचकीत कागद टाळून. डोळ्यांची तपासणी मात्र आधी. चष्म्याने भागणार असेल तर भिंगाचं कौतुक करत बसू नये.

बोलणं न उमटलेल्या मुलासाठी मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप आहे. चित्रावर बोट ठेवलं की शब्द मराठीत ऐकू येतो. सुरुवात चार चित्रांनी करावी: पाणी, बाहेर, नको, अजून. ‘नको’ पहिल्या दिवसापासून हवंच. ज्याला नाही म्हणता येत नाही तो चावून नाही म्हणतो. आणि त्याच चित्रांचा एक लॅमिनेट केलेला तक्ता गळ्यात असावा. फोनची बॅटरी संपली म्हणून मुलाचं बोलणं संपलं, असं व्हायला नको.

वाचनाची खास अडचण असल्याची शंका येते तिथे घाईने नाव चिकटवू नये. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५मध्ये आणलेलं ‘डाली’ हे साधन मराठीतही आहे, त्यातली पहिली-दुसरीसाठीची आणि तिसरी ते पाचवीसाठीची पडताळणी शिक्षक भरू शकतात. पण ती चाळणी आहे, निदान तज्ज्ञांचं. ‘०७-जुलै’ आणि ‘०७-डिसेंबर’ या दोन फाईली सोबत नेल्या तर तज्ज्ञांचंही काम हलकं होतं.

एका फोनवर पाच मुलांनी ऐकायचं म्हणून बाजारातून पाच तोंडांचा हेडफोन जोड आणणारे बरेच भेटतात. तो बहुधा निराश करतो. ३२ ओहमचे पाच हेडफोन एकत्र लागले की फोनपुढे ६.४ ओहमचा भार उभा राहतो, आवाज बसतो. मग आवाज शेवटपर्यंत चढवतात, आणि पुढे त्याच फोनला एकच हेडफोन लावला की तो कानठळ्या बसवतो. मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. शिवाय उवा आणि कानाचा संसर्ग एका हेडफोनवरून दुसऱ्या डोक्यावर जातो ते वेगळंच. त्यापेक्षा लहानसा स्पीकर, बारीक आवाज, आणि चार मुलांचा गोल व्हरांड्यात.

गोलात फोन कोणाच्या हातात हे शिक्षकाने ठरवायचं. सोडून दिलं तर सर्वांत हुशार किंवा सर्वांत दांडगा पोरगा बटणं दाबतो आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला तो खांद्यावरून बघतो. नियम एकच ठेवावा: ज्याचं अडलंय, बटण त्याचं. एका फोनला तीन-चार मुलं, पाचवं नको. स्क्रीन पिन करून द्यावी, म्हणजे मागचं बटण दाबून पोरं यूट्यूबवर पोचत नाहीत. आणि ज्याचं सगळं आधीच झालेलं असतं त्या पोराला पाट्या पुसत फिरू देण्यापेक्षा रेकॉर्डिंगला बसवावं. धाकट्यांसाठी गोष्ट वाचायची, तीही न अडखळता, वाघाचा आवाज वाघासारखा काढून. एका मिनिटासाठी तो चार वेळा सराव करतो. पहिलीतल्या मुलांनाही गुरुजींपेक्षा चौथीतल्या दादाचा आवाज जास्त आवडतो, हे मान्य करायला हवं.

टीव्हीला पेन ड्राइव्ह लावताना तो बऱ्याच सेटना फॅट-३२ या रचनेत फॉरमॅट केलेला लागतो, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही. ‘आवाज येतो, चित्र येत नाही’ ही तक्रार बहुधा एच-२६५ या नव्या व्हिडिओ प्रकारातल्या फाईलची असते, ती एच-२६४ या जुन्या प्रकारात बदलून घ्यावी. टीव्ही खाली उतरवून मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला आणला आणि त्यासमोर एका वेळी आठ-दहाच मुलं बसवली, तर त्याचेही पैसे वसूल होतात.

राहता राहिली बदली. फोन गुरुजींचा, तो गुरुजींबरोबर जातो, आणि त्यातला सगळा आवाज, आजीची कोरकू, मुलांचं जुलैपासूनचं वाचन, दादाच्या वाघाच्या गोष्टी, सगळं जिल्हा ओलांडतं. म्हणून फाईली महिन्यातून एकदा ३२ जीबीच्या दोन कार्डांवर उतरवाव्यात. एक शाळेच्या कपाटात, एक केंद्रशाळेत. मुलांच्या वाचनाच्या फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये, मूल शाळा सोडून गेलं की पालकांना देऊन पुसायच्या. कार्डाच्या डबीत एका कागदावर यादी: क्रमांक, गोष्ट, कोणाचा आवाज, कोणत्या पातळीसाठी. आणि कार्डाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत, घंटा आणि खुर्च्यांच्या खाली, म्हणजे शाळेचा कार्यभार सोपवताना ती यादीत येते आणि नव्या बाईंना विचारावं लागतं की हे कार्ड कसलं.